सगळे भाग चांगले, तरी इंजिन मुके

मोटारीचे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधण्याचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना एक प्रसंग चांगला ठाऊक असतो. आठ-पंधरा दिवस इंजिन गॅरेजात उघडे पडलेले असते. सिलिंडर बोअर होऊन येतात, नवे पिस्टन आणि नव्या रिंगा पडतात, बेअरिंगे बदलतात, व्हॉल्व्ह घासून बसवले जातात. हेड चढते, नवे गॅस्केट पडते, नवे तेल भरले जाते. मग मालक मोठ्या उमेदीने आत बसतो आणि सेल्फ मारतो. इंजिन फिरते, कण्हते, पण पेट काही घेत नाही. दुसऱ्यांदा तेच, दहाव्यांदा तेच. तोवर भोवती माणसे जमलेली असतात. एक म्हणतो, पेट्रोल येत नाही. दुसरा म्हणतो, करंट नाही. तिसरा बाह्या सरसावून म्हणतो, चला, धक्का मारू या!

ह्या प्रसंगात बघ्यांना गंमत वाटते, पण ज्याची गाडी असते त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. गाडी टॅक्सी असेल तर कर्ज काढून काम केलेले असते आणि उभ्या गाडीचा प्रत्येक दिवस तोट्याचा असतो. शिवाय नुसते सेल्फ मारत राहिल्याने बॅटरी बसते, सेल्फची मोटर तापते, आणि त्याहून वाईट म्हणजे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन नेते. ज्या नव्या रिंगांपायी एवढा खर्च केला, त्याच कोरड्या भिंतींवर घासू लागतात. मग कोणीतरी वैतागून म्हणतो, ‘हेड पुन्हा उतरवा.’ झाले! मिस्त्रीला बोल आणि मालकाला दुहेरी भुर्दंड.

श्रोतेहो, माझा विषय इतिहास. इतिहास शिकवणाऱ्याने गॅरेजात नाक कशाला खुपसावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण थोडा विचार करा. चालती गाडी रस्त्यात बंद पडली, तर बहुधा एखादा भाग झिजलेला, तुटलेला किंवा तुंबलेला असतो. नुकत्याच बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात भाग बहुतेक सगळे धडधाकट असतात. बिघडलेला असतो तो त्यांचा आपापसातला मेळ. कोणी कोणाच्या मागून आणि नेमके कोणत्या क्षणी काम करावयाचे, हा जो क्रम, तो इंजिन उघडताना मोडतो आणि बांधताना माणसाला तो पुन्हा घालून द्यावा लागतो. आता हा क्रम मुळात माणसाला एका दिवसात सापडलेला नाही. १८६० पासून १९१२ पर्यंतच्या बावन्न वर्षांत तो पावलापावलाने सापडत गेला. म्हणून माझे म्हणणे असे की, मुक्या इंजिनापुढे उभे राहिलेल्या माणसाने एखादा सुटा भाग बदलण्याआधी हा इतिहास आठवावा. घोडे कुठे पेंड खाते आहे, ते त्याला त्यातून कळेल.

ह्या कथेची सुरुवात पॅरिस शहरात होते. एत्येन लन्वार ह्या गृहस्थाने १८६० साली गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. दिसायला ते वाफेच्या इंजिनासारखेच होते. दट्ट्या सरकू लागला की सिलिंडरमध्ये गॅस आणि हवा यांचे मिश्रण ओढले जाई, आणि दट्ट्या अर्ध्या वाटेवर आला की विजेची ठिणगी पडून ते मिश्रण पेटे. ठिणगीसाठी त्याने बॅटरी आणि रुमकॉर्फ कॉइल वापरली होती. म्हणजे पाहा, इंधन होते, हवा होती, ठिणगीही होती. तरीही हे इंजिन गॅस भरमसाट खाई, तापे फार आणि काम त्या मानाने थोडे करी. मग त्यात उणीव कशाची होती? उणीव होती दाबाची. पेटण्यापूर्वी मिश्रण घट्ट दाबले पाहिजे, ही गोष्ट त्या यंत्रात नव्हती.

ती गोष्ट कागदावर स्वच्छ मांडली आल्फोन्स बो द रोशा नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने, १८६२ साली. इंजिनाचे काम दट्ट्याच्या चार फेऱ्यांत वाटून द्यावे, असे त्याने लिहिले. पहिल्या फेरीत मिश्रण ओढायचे, दुसरीत दाबायचे, तिसरीत पेटवून त्याच्या जोराने दट्ट्या ढकलायचा आणि चौथीत जळका धूर बाहेर काढायचा. कागदावर सगळे होते, पण त्याने इंजिन मात्र बांधले नाही.

इंजिन बांधले ते निकोलाउस ओटो ह्या जर्मन माणसाने. ओटो काही शिकलेला इंजिनिअर नव्हता. गावोगाव फिरून माल खपवणारा तो एक विक्रेता. लन्वारच्या इंजिनाची हकीकत कानावर आल्यावर त्याला ह्या विषयाचे वेड लागले. चार फेऱ्यांच्या इंजिनाचा त्याचा १८६२ चा पहिला प्रयत्न फसला. यंत्र थोडा वेळ चालले आणि मोडून पडले. पुढे १८६४ साली ऑइगेन लांगेन हा भांडवलवाला भागीदार त्याला मिळाला आणि दोघांनी वेगळ्या तऱ्हेचे गॅस इंजिन काढून त्यावर चांगला धंदा केला. पण जुना प्रश्न ओटोच्या मनातून गेला नव्हता. चौदा वर्षांनी, १८७६ साली, कोलोनजवळच्या डॉइट्स येथे त्याचे चार फेऱ्यांचे इंजिन नीट चालू लागले. आपण ज्याला फोर-स्ट्रोक इंजिन म्हणतो, ते हेच. पुढे बो द रोशाचा जुना कागद प्रतिस्पर्ध्यांनी शोधून काढला आणि १८८६ च्या जानेवारीत ओटोचे जर्मन पेटंट रद्द झाले. कल्पना एकाची, यंत्र दुसऱ्याचे, असा हा वाद. पण यंत्र जगाला मोकळे झाले ते त्या निकालाने.

आता ह्या जुन्या कथेचा गॅरेजाशी संबंध कोणता, ते सांगतो. ओटोच्या इंजिनात दट्ट्याच्या चार फेऱ्या म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन वेढे. दोन वेढ्यांत स्फोट मात्र एकच. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटरही निम्म्याच वेगाने. ह्याचा परिणाम मोठा मजेदार आहे. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दोन वेढ्यांत दोनदा माथ्यावर येतो. एकदा मिश्रण दाबून येतो, तेव्हा ठिणगी हवी असते. दुसऱ्यांदा धूर बाहेर ढकलून येतो, तेव्हा ठिणगीचा काही उपयोग नसतो. पण क्रँकच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा त्याच जागी येते! खूण खोटे बोलत नाही, पण पुरते खरेही सांगत नाही. मिस्त्रीने नुसती खूण पाहून डिस्ट्रिब्यूटर बसवला, तर तो अर्ध्या वेढ्याने उलटा बसण्याची पुरेपूर शक्यता असते. मग प्लगला ठिणगी असते, पेट्रोल असते, दाब असतो, आणि इंजिन मुके. फार तर कार्बोरेटरमधून फटका मारते, नाहीतर सायलेन्सरमध्ये बार उडतो. नव्याने बांधलेल्या जुन्या धर्तीच्या इंजिनात ही चूक नेहमीची.

तबलजीचा हात कितीही तयार असो, सम चुकली तर मैफिलीचा विरस होतो. ठिणगीचेही तसेच आहे. ती नुसती पडून चालत नाही, समेवर पडली पाहिजे.

ह्या ठिणगीने तर पहिल्या मोटारवाल्यांना रडकुंडीस आणले होते. ओटोच्या १८७६ च्या इंजिनात ठिणगी नव्हतीच. एक लहानशी ज्योत सरकत्या झडपेतून आत नेऊन मिश्रण पेटवीत. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८३ च्या सुमारास तापवून लाल केलेल्या नळीचा उपाय काढला. त्या नळीने इंजिन वेगाने फिरू लागले, पण पेट नेमका कोणत्या क्षणी घ्यावयाचा, ह्यावर माणसाचा ताबा राहिला नाही. मानहाइमचा कार्ल बेन्झ मात्र विजेच्या ठिणगीला चिकटून राहिला. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने आपल्या तीन चाकी गाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला. तिच्यात बॅटरी आणि कॉइल होती, आणि त्यांनी त्याला पुष्कळ छळले.

गाडी लोकांना दाखवून आणली ती मात्र त्याच्या पत्नीने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ ही बाई आपल्या ऑइगेन आणि रिखार्ड ह्या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत पेट्रोलपंप नव्हता, गॅरेज नव्हते, मिस्त्री नव्हता. वीसलोख गावी औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचे डाग काढायचे द्रव विकत घेतले आणि ते इंधन म्हणून घातले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीला लावायच्या लांब पिनेने ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडून घासू लागली, तेव्हा मोजे बांधायचा बंद गुंडाळून तिने ती झाकली. ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली.

ह्या बाईच्या धाडसाचे कौतुक सर्वांनीच केले आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गाडी थांबली की ती घाबरून सगळे उघडून बसली नाही. इंधन येते का, हे तिने वेगळे पाहिले. ठिणगी पडते का, हे वेगळे पाहिले. एका वेळी एकच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर पुढे गेली. रस्त्यावर मोटार दुरुस्त करण्याची ही पहिली मोठी नोंदलेली हकीकत, आणि आजही त्याहून शहाणी पद्धत कोणाला सुचलेली नाही.

ठिणगीचा प्रश्न पुढे दोन टप्प्यांत सुटला. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्ड ह्या इंजिनिअरने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. ह्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नसे. इंजिन फिरले की ठिणगी तयार. नंतर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग ह्याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची सुटसुटीत जुळणी केली. ती १९१० सालच्या कॅडिलॅक गाडीत आली आणि तीच पद्धत पुढे साठ-सत्तर वर्षे जगभर चालली. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली जे पॉइंट आणि कंडेन्सर असत, ते ह्याच घराण्यातले. त्यातला कंडेन्सर तर त्याहूनही जुना. कॉइलबरोबर तो जोडण्याची युक्ती इपोलित फिझो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्येच सुचवली होती.

ही जुळणी सुटसुटीत खरी, पण बारीक आहे. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलीमीटर लागते. नव्या पॉइंटवर गंजू नये म्हणून लावलेला तेलाचा पातळ थर पुसायचा राहिला, तरी ठिणगी मरते. आतली लहानशी तार पत्र्याला टेकली तरी मरते. आणि घाईघाईत झाकण लावताना रोटर आत ठेवायचाच विसरला, तर शोधणारा सगळ्या जगात शोधतो आणि रोटर बाकावर चहाच्या कपाशेजारी पडलेला असतो.

आता क्रमाविषयी. एका सिलिंडरचे इंजिन होते तोवर प्रश्न सोपा होता. चार सिलिंडर आले आणि कोणी कोणाच्या मागून पेटावे, हा प्रश्न उभा राहिला. नेहमीच्या चार सिलिंडरच्या क्रँकशाफ्टची घडण अशी असते की पहिला आणि चौथा दट्ट्या एकदम वर येतात, तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली असतात. म्हणून पहिल्यानंतर लगेच चौथा पेटू शकत नाही. पाळी तिसऱ्याची तरी येते किंवा दुसऱ्याची तरी. त्यातून दोनच क्रम निघतात: १-३-४-२ आणि १-२-४-३. दोन्ही बरोबर आहेत. कोणता पाळायचा, हे कॅमशाफ्ट घडवतानाच ठरून जाते. अँबॅसडरच्या आणि फियाट ११०० च्या इंजिनाचा क्रम १-३-४-२. तर फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीचा १-२-४-३. आषाढी वारीत रथाच्या पुढच्या-मागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, तसे हे आहे. दिंडी कितीही भक्तिभावाची असो, दुसरीच्या जागी घुसली की गोंधळ होणार. एका गाडीवर हात बसलेला मिस्त्री सवयीने दुसऱ्या गाडीच्या तारा त्याच क्रमाने लावतो, किंवा रोटर कोणत्या दिशेने फिरतो हे न पाहता लावतो, आणि दोन तारांची अदलाबदल सगळ्या मेहनतीवर पाणी पाडते.

आता शेवटचे पाऊल, इंजिनाला पहिला वेढा देण्याचे. बर्था बेन्झ गाडीच्या मागचे मोठे आडवे चाक हाताने फिरवून इंजिन सुरू करी. पुढे पुढच्या बाजूने लोखंडी हँडल आले. हँडल मारणे हे ताकदीचे काम तर होतेच, पण धोक्याचेही होते. ठिणगी वेळेच्या आधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल हातातून सुटून मनगटावर बसे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला इंग्रज डॉक्टरांनी ‘शोफर’चेच नाव दिले, इतक्या लोकांची हाडे त्यापायी मोडली. शोफर हा मुळात फ्रेंच शब्द आणि त्याचा अर्थ भट्टी पेटवणारा. ह्या भट्टीवाल्यांना हँडल मारण्यापूर्वी ठिणगी मागे ओढून घ्यायची, हा पहिला धडा असे.

अमेरिकेत बायरन कार्टर नावाचा मोटार बनवणारा गृहस्थ १९०८ मध्ये वारला. वाटेत बंद पडलेल्या गाडीचे हँडल एका बाईंसाठी मारताना ते उलटून त्याला लागले आणि त्यातूनच त्याचा अंत झाला, अशी हकीकत सांगितली जाते. कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलंड हे त्याचे स्नेही. हँडलाची ही पीडा संपवायचीच, असे त्यांनी मनावर घेतले आणि काम केटरिंगकडे आले. इंजिन फिरवण्याजोगी विजेची मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच मोठी होईल, असे तज्ज्ञ म्हणत. केटरिंग आधी डेटन शहरात पैसे मोजून ठेवणाऱ्या दुकानी गल्ल्यांच्या कारखान्यात होता. गल्ल्याचा कप्पा विजेने उघडणारी लहान मोटर त्याने तिथे बनवली होती. लहान मोटरवर चार-दोन सेकंद झेपेल त्याहून जास्त भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याने तिथे पाहिले होते. इंजिन सुरू करायला तरी त्याहून जास्त वेळ कुठे लागतो? १९११ च्या फेब्रुवारीत त्याने ते करून दाखवले आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या विजेने सुरू होणाऱ्या म्हणून विकल्या गेल्या. आपले मिस्त्री ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात, तो हा सेल्फ-स्टार्टर. मॉडेल टी सारख्या स्वस्त गाडीत तो १९१९ पासून मिळू लागला.

ध्यानात घ्या, हा सेल्फ चार-दोन सेकंदांसाठीच जन्माला आला. त्याला अर्धा मिनिट राबवणे म्हणजे त्याच्या जन्मकथेचाच अपमान.

आपल्या मुंबईने ह्या सगळ्या इतिहासाचा शेवटचा अर्धा भाग प्रत्यक्ष पाहिला. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या बांधण्याचा कारखाना काढला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कुर्ल्याचा कारखाना दोन-तीन पिढ्यांनी पाहिला. तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली आणि पुढे तीच पद्मिनी नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. ह्या गाड्यांची इंजिने उघडली गेली, बांधली गेली, पुन्हा उघडली गेली. बांधणारे बरेचसे मिस्त्री वर्गात शिकलेले नव्हते. उस्तादाच्या हाताखाली पाने देत देत ते शिकले. लन्वार, ओटो, केटरिंग ही नावे त्यांच्या कानावर आली नसतील. पण पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून इंजिन हळूहळू फिरवणारा मिस्त्री ओटोचाच धडा गिरवीत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ह्या टॅक्सीने रस्त्याचा निरोप घेतला. उत्तरपाड्याची अँबॅसडर त्याआधीच, २०१४ मध्ये, बनायची थांबली. आज ह्या गाड्या हौशी माणसांच्या दारात आहेत. त्यांची इंजिने अजून उघडली जातात, पण अंगठ्याने सम ओळखणारे हात कमी झाले आहेत. म्हणून ही पद्धत बोलून, लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

तेव्हा आता प्रश्न ओळीने मांडतो. इतिहासात जी गोष्ट शेवटी आली, तीच गॅरेजात आधी विचारावी लागते.

पहिला प्रश्न, इंजिन जोमाने फिरते का? नव्या रिंगांचे इंजिन घट्ट असते, त्याला भरलेली बॅटरी लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी जोडायची राहिली किंवा रंगावरच आवळली गेली, तर सेल्फ नुसता कण्हतो.

दुसरा प्रश्न, दाब आहे का? प्लग काढून भोकावर अंगठा दाबावा आणि इंजिन फिरवावे. अंगठा उडाला पाहिजे. चारही ठिकाणी दाब नसेल तर टॅपेट फार आवळून झडपा उघड्या राहिल्या आहेत का, किंवा टायमिंग चेनच्या खुणा एक-दोन दात्यांनी चुकल्या आहेत का, ते पाहावे. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडल्यावर दाब वाढला, तर भिंती कोरड्या आहेत किंवा रिंगा अजून बसलेल्या नाहीत. वाढला नाही, तर संशय झडपांवर.

तिसरा प्रश्न, ठिणगी आहे का? प्लग तारेला लावून इंजिनाच्या धातूवर टेकवावा आणि इंजिन फिरवावे. प्लगची भोके उघडी असतील आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर हे भोकांपासून दूर करावे. नाहीतर ठिणगी शोधता शोधता आग सापडायची.

चौथा प्रश्न, ठिणगी समेवर आहे का? पहिल्या सिलिंडरवर अंगठा धरून तो उडू लागला की सावकाश खुणेपर्यंत यावे. आता रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या तारेकडे हवे आणि पॉइंट उघडण्याच्या बेतात हवेत. रोटर जर चौथ्याच्या तारेकडे तोंड करून असेल, तर सगळा उलगडा तिथेच झाला. झडपांचे झाकण उघडे असेल तर आणखी एक खूण आहे. पहिला पेटायला आला की चौथ्याच्या दोन्ही झडपा किंचित हलत असतात. एक मिटत असते, दुसरी उघडत असते. मग तारांचा क्रम, रोटरच्या फिरण्याच्या दिशेनेच, एकेक बोट ठेवून मोजावा.

पाचवा आणि शेवटचा प्रश्न, पेट्रोल पोचते का? बरेच दिवस उभ्या गाडीच्या कार्बोरेटरची वाटी कोरडी असते. ज्या गाड्यांत पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्यांत पंपाचा दांडा कॅमवर नीट टेकलेला हवा. उलट फार सेल्फ मारून प्लग भिजले असतील, तर ते काढून कोरडे करावेत आणि थोडे थांबावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, एका वेळी एकच बदल करावा. पॉइंटही हलवले, तारांचीही जागा बदलली, कार्बोरेटरचा स्क्रूही फिरवला, तर एका चुकीच्या तीन होतात, आणि आता मूळ कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, आजच्या गाड्यांत पॉइंट कुठे, रोटर कुठे? खरे आहे. आता क्रँक आणि कॅम यांच्याजवळ बसवलेले सेन्सर त्यांची जागा संगणकाला कळवतात आणि ठिणगीची व इंधनाची वेळ तो ठरवतो. पण टायमिंगचा पट्टा दाता चुकून बसला, किंवा सेन्सरची जोडणी राहिली, तर आजची गाडीही जुन्यासारखीच मुकी बसते. पुष्कळ इंजिनांत तर चुकलेल्या पट्ट्याने दट्ट्या झडपांवर आदळून मोठे नुकसान होते. म्हणून तिथे सेल्फला हात लावण्यापूर्वी इंजिन पान्याने हळूच दोन वेढे फिरवून पाहावे, आणि ते कुठे अडले तर जोर करू नये. उत्तर द्यायची साधने बदलली, प्रश्न तेच राहिले.

लन्वारजवळ ठिणगी होती, दाब नव्हता. बो द रोशाजवळ क्रम होता, यंत्र नव्हते. ओटोजवळ यंत्र होते, पण ठिणगी नव्हती. प्रत्येकाजवळ काहीतरी चांगले होते आणि तरीही मोटार रस्त्यावर धावू लागायला ह्या सगळ्यांचा मेळ बसावा लागला. नवे बांधलेले इंजिन पेट घेत नसेल, तेव्हा मालकाने मिस्त्रीवर आणि मिस्त्रीने सुट्या भागांवर लगेच खापर फोडू नये. सेल्फवरचा हात काढावा, बॅटरीला विश्रांती द्यावी, आणि पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा. बहुतेक वेळा हेड न उतरवता उत्तर तिथेच मिळते.